गुडघाभर लाटेला आठ फुटी फोमचा बोर्ड

निकाल आधीच सांगून टाकतो. लाट गुडघ्याएवढी, तीही मरगळलेली, बोर्ड दोन आणि माणसं चार, अशी सकाळ असेल तर सर्फिंगला ८ फुटी फोमचा बोर्ड घ्यावा, ज्याला किनाऱ्यावर सगळे सॉफ्ट टॉप म्हणतात तो. दिसायला अगदीच बाळबोध. जाडजूड, बोथट नाकाचा, निळा नाहीतर पिवळा, वरून व्यायामाच्या चटईसारखा मऊ. शेजारून कुणी ६ फुटी चकचकीत बोर्ड काखेत मारून चालला असला, की आपल्या हातात घराचा दरवाजा आहे असं वाटतं. पण अशा सकाळी चकचकीतवाला पाण्यात बसून क्षितिज न्याहाळत असतो आणि दरवाजावाले लाटा घेत असतात.

परीक्षण या मापाच्या, या बांधणीच्या बोर्डाचं आहे, एका कंपनीचं नाही. हे बोर्ड आतून बरेचसे सारखेच असतात. फरक पडतो तो कडा, शेपटाचं भोक, फिनचे (मागच्या बाजूच्या पंखांचे) स्क्रू आणि खालचा पत्रा अशा चार ठिकाणी, आणि ते पुढे येईलच. जागा धरली आहे उत्तर गोव्यातला पेडणे तालुक्याचा किनारा: मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल. काळ पाऊस सरल्यापासून मे महिन्यापर्यंतचा. पावसाळ्यातला समुद्र या परीक्षणाच्या बाहेर आहे, आणि जून ते सप्टेंबर नवख्या माणसाने तिथल्या पाण्याच्याही बाहेरच राहावं.

वाईट लाट म्हणजे नक्की काय

मांद्र्यासारख्या सपाट वाळूच्या किनाऱ्यावर लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट ते दीडपट खोल पाण्यात फुटते. म्हणजे अर्ध्या मीटरची लाट फुटते तिथे पाणी जेमतेम ६०-६५ सेंटीमीटर, गुडघ्याच्या थोडं वर. त्या जागी लाटेचा वेग सेकंदाला ३ मीटरच्या आसपास असतो, आणि सरावलेला माणूस बोर्डावर पालथा पडून हात मारतो तो सेकंदाला दीड मीटरच्या वर क्वचितच जातो. मोठ्या लाटेत ही तफावत उतार भरून काढतो. बोर्ड घसरगुंडीवर ठेवल्यासारखा खाली सुटतो. ढिल्या लाटेला उतारच नसतो, त्यामुळे वेग बहुतेक हातांनीच आणावा लागतो. इथे लांबी आणि जाडी कामाला येते. लांब, जाड बोर्ड पाण्यात कमी रुततो आणि तेवढ्याच हातांत जास्त पळतो. छोट्या बोर्डावर छातीपर्यंत पाणी येतं, बोर्ड पाणी ढकलत बसतो आणि लाट खालून निघून जाते. ‘माझ्या हातात जोरच नाही’ असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांच्या हातात जोर असतो, बोर्डात लिटर नसतात, म्हणजे आकारमान कमी पडतं.

लाटांचा अंदाज पाहताना नुसत्या उंचीवर जाऊ नका, सोबतचे सेकंदही बघा, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी किती वेळाने येते ते. ०.६ मीटर आणि ९ सेकंद ही एक सकाळ, ०.६ मीटर आणि १४ सेकंद ही वेगळीच. खोल समुद्रात ९ सेकंदांच्या लाटेची लांबी साधारण १२५ मीटर, तर १४ सेकंदांच्या लाटेची ३०० मीटर भरते. लांब लाट उथळ पाण्यात येताना जास्त उभी राहते, आणि तिच्या मागे पाणीही जास्त असतं. ही लांब लाट दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांकडून येते. डिसेंबर ते मार्चमध्ये कधीकधी वायव्येकडून वेगळीच लाट येते. अरबस्तानाच्या बाजूला शमाल नावाचे वारे सुटतात, त्यांनी उठवलेली. ती आखूड असते, ६ ते ८ सेकंदांची, एकामागून एक धावणारी. अंदाजात उंची बरी दिसते, प्रत्यक्षात दोन लाटांमध्ये श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या अंदाजात लाटेची उंची, दिशा आणि सेकंद मिळतात. दिशा न बघता निघू नये.

वाऱ्याचं गणित शाळेच्या भूगोलातलंच आहे. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतात. ऊन तापलं की खारे वारे सुरू होतात आणि साडेदहा-अकरानंतर पाणी विस्कटायला लागतं. कमकुवत लाट वाऱ्याचा धक्का अजिबात सोसत नाही. तेव्हा ७ ते १० हीच खरी वेळ. नाश्ता नंतर.

भरतीचं पंचांग मात्र जुळवून घ्यावं लागतं. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: त्रयोदशीला १३ ची पाऊणपट पावणेदहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हा ठोकताळा मुंबईकडचा. गोव्यात भरती त्याच्या काहीशी आधी लागते, पण दिवस निवडायला तेवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी ७ ते ९ पाणी चढत असतं, मधल्या पातळीवर असतं, आणि या किनाऱ्यावर ढिल्या लाटेला हीच पातळी मानवते. पूर्ण ओहोटीला लाट पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर एकदम सगळीकडून कोसळते, पूर्ण भरतीला फुटतच नाही आणि थेट किनाऱ्यावर आपटते. अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी, त्यामुळे फारसं काही बदलत नाही. जे आहे ते सकाळभर तसंच.

बोर्ड आतून

८ फूट म्हणजे २४४ सेंटीमीटर. रुंदी साडेबावीस इंच, जाडी सव्वातीन इंच, आकारमान ७५ ते ८५ लिटर, वजन ६ ते ७ किलो. आत थर्माकोलसारख्या दाण्यांचा फोम. त्याच्यात उभ्या दोन किंवा तीन लाकडी पट्ट्या, वाकू नये म्हणून. वरच्या बाजूला मऊ फोमची चादर, खाली गुळगुळीत प्लास्टिकचा पत्रा. मागे लवचिक प्लास्टिकच्या तीन फिन आणि घोट्याला बांधायची दोरी, म्हणजे लीश, अडकवायचं एक भोक.

दोन पट्ट्या की तीन, हे विचारून घ्या. ७० किलोच्या वरचा माणूस रोज त्यावर उभा राहणार असेल तर तीन हव्यात. दोन पट्ट्यांचा बोर्ड मध्यावर हलकासा वाकतो, आणि प्रत्येक वाकण्यात थोडा वेग जातो. मोठ्या लाटेत ते कळतही नाही, ढिल्या लाटेत तेवढ्यानेच लाट सुटते.

लिटरचा हिशेब सोपा आहे. १ लिटर ढोबळमानाने १ किलो तरंगवतो. नवख्या माणसाला स्वतःच्या किलोइतके लिटर हवेतच, वर १०-१५ असले तर सकाळ सोपी जाते. ६५ किलोच्या माणसाला ८० लिटर म्हणजे चैन. ८५-९० किलोवाल्याला तेच ८० लिटर तोकडे, त्याने ९ फुटी मागावा. चौघांत एक जण ५० किलोचा आणि एक ९० चा असेल, तर दोन्ही बोर्ड ८ फुटी घेण्यात अर्थ नाही. एक ८ आणि एक ९ घ्या. हलक्या माणसाला ९ फुटी चालतो, जड माणसाला ७ फुटी चालत नाही, एवढं लक्षात ठेवलं की वाटप आपोआप होतं.

पाण्यात कसा वागतो

पॅडल करताना, म्हणजे पालथं पडून हात मारताना, सरळ जातो, डगमगत नाही. पालथं पडल्यावर पायाची बोटं शेपटाच्या काठाशी आणि नाकाचं टोक पाण्याच्या ३-४ बोटं वर, ही साधारण जागा. ढिल्या लाटेत यापेक्षाही थोडं पुढे सरकावं. दोन बोटं वर राहिलं तरी चालतं. नवखा माणूस नाक बुडेल या धास्तीने मागे सरकतो, मग नाक वर येतं, शेपूट रुततं आणि बोर्ड ब्रेक लावल्यासारखा अडतो. छोट्या लाटेत नाक बुडण्यापेक्षा हा दोष पाचपट जास्त दिसतो. उपाय फुकटचा आहे. पालथं पडल्यावर हनुवटी जिथे येते तिथे मेणाने (पाय सटकू नये म्हणून बोर्डावर चोळतात त्या) आडवी रेघ ओढा. चौघांच्या चार रेघा, उंचीप्रमाणे पुढेमागे. पुढच्या वेळी पाण्यात शिरलं की हनुवटी रेघेवर, विचार करायचा नाही.

लाट पकडताना मोठ्या लाटेला जे तीन-चार हात पुरतात तिथे इथे आठ-दहा लागतात, आणि ते लाट येण्याच्या बरेच आधी सुरू व्हायला हवेत. शेपूट उचललं गेल्याचं जाणवलं की थांबायचं नाही. आणखी दोन हात जोरात, आणि त्याच वेळी हनुवटी बोर्डाकडे दाबायची. डोकं जवळपास ५ किलोचं असतं. ते पुढे झुकलं की बोर्ड उताराकडे कलतो. ही एक युक्ती नसेल तर अर्ध्या लाटा हातच्या जातात.

उभं राहायची घाई मात्र नको. या बोर्डाची रुंदी एवढी आहे की ढिल्या लाटेत गुडघा टेकवून दोन टप्प्यांत उठलं तरी चालतं. शिकवणारे त्यावर नाक मुरडतात, आणि मोठ्या लाटेच्या हिशेबाने त्यांचं बरोबरच आहे. पण चौघांपैकी दोघं पहिल्यांदा आले असतील तर दोन टप्प्यांत उठा आणि मजा घ्या. पुढचा पाय बोर्डाच्या मध्यावर, पट्ट्यांवर आडवा. मध्याच्या मागे पडला की शेपूट रुतलंच म्हणून समजा. उभं राहिल्यावर वेग पडतोय असं वाटलं तर अर्धं पाऊल पुढे सरका, मागे नाही. ८ फुटी बोर्डावर अर्धं पाऊल लगेच जाणवतं.

वळणं? नावापुरती. मागच्या पायावर भार देऊन तो हळूहळू वळतो, जसा टेम्पो वळतो. लाट आडवी कापत जायची हौस असेल तर उठायच्या आधीच नाक त्या बाजूला थोडं तिरकं ठेवून पॅडल करा. उठल्यावर वळवत बसलात तर तोवर लाट संपलेली असते.

तीनही फिन लावलेल्या असतात. ढिल्या लाटेत बाजूच्या दोन काढल्या तर घर्षण थोडं कमी होतं, बोर्ड जरा सैल पळतो. फरक आहे, पण फार नाही. काही बोर्डांत फिनचा स्क्रू वरून आरपार जातो, अशा बोर्डाच्या फिन काढल्या की त्या भोकांतून पाणी आत शिरायला वाट मिळते. त्यामुळे आरपार स्क्रू असेल तर हात लावू नका.

चौघं आणि दोन बोर्ड

वाईट लाटेत दोन बोर्ड चौघांना पुरतात, इतकंच नाही, ते चारपेक्षा बरे. लाटा अधूनमधून येतात, चार बोर्ड पाण्यात गेले की एकमेकांच्या वाटेत येतात. १५-१५ मिनिटांच्या पाळ्या लावा. दोघं बोर्डावर, तिसरा कमरेएवढ्या पाण्यात ढकलायला, चौथा वाळूवर लाटा बघायला. चौथ्याचं काम फालतू वाटतं, पण लाटांचा गट कधी येतो आणि दांड्याच्या कुठल्या टोकाला आधी फुटते, हे पाण्यात बसलेल्याला दिसत नाही. किनाऱ्यावरून दहा मिनिटांत कळतं.

ढकलणाऱ्यासाठी चार गोष्टी. बोर्डाच्या शेपटाच्या दोन्ही कडा धरायच्या, लीश नाही. लाट दोन हात अंतरावर आली की ढकलायचं, अंगावर आल्यावर नाही. ढकल सरळ पुढे, खाली दाबायचं नाही. खाली दाबलं की नाक वर आणि बोर्ड तिथेच. आणि ढकलून झाल्याबरोबर बाजूला व्हायचं, मागच्या लाटेबरोबर दुसरा बोर्ड येत असतो. ५०-६० किलोच्या माणसाला चांगली ढकल मिळाली तर गुडघ्याखालच्या लाटेतही तो वाळूपर्यंत येतो. ९० किलोवाल्याला ढकलायला दोघं लागतात, आणि त्यावरून होणारी चेष्टा त्याने सहन करावी.

एका लाटेवर एक माणूस हा नियम सगळीकडचा. आपलीच चौकडी असेल, लाट सपाट असेल आणि दोघांमध्ये बोर्डाच्या दीडपट अंतर असेल तर दोघांनी एक लाट घेतली म्हणून काही बिघडत नाही. मऊ बोर्डाचा इथे मोठा फायदा: धडक झाली तर टेंगूळ येतं, टाके पडत नाहीत. तरी नाक आणि कडा जोरात लागतात, आणि सुटलेला ६ किलोचा बोर्ड लाटेबरोबर आला की मऊ वगैरे राहत नाही.

दुसरं काय घेता येईल

९ फुटी कडक लाँगबोर्ड ढिल्या लाटेत फोमपेक्षा सरस आहे, यात वाद नाही. खालून कडक आणि गुळगुळीत असल्यामुळे तो सुटतो तो सुटतोच. पण तो चौघा नवख्यांत फिरवायचा बोर्ड नव्हे. आपटला तर तडा जातो आणि डोक्याला लागला तर डोकं फुटतं. ज्याला वर्षभर सराव आहे त्याच्यासाठी.

हवा भरायचे बोर्ड पॅडल मारत फिरायला छान. फेसाळ पाण्यात ते फुग्यासारखे उडतात, आणि कडा गोल असल्यामुळे तिरकं जाता येत नाही. पंप मारून १२-१५ पीएसआय दाब आणेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो.

आणि खरोखर घोट्याएवढीच लाट असेल तर सरळ बॉडीबोर्ड आणि पायात फ्लिपर. पोटावर पडून घेतलेली लाट ही कमी दर्जाची लाट, हा समज ज्याचा असेल त्याने एकदा करून बघावं.

काय बिघडतं आणि का

या बोर्डाचा पहिला शत्रू ऊन. आतल्या फोमच्या दाण्यांत हवा असते. बोर्ड तापला की हवा फुगते, वरची चादर सुटते आणि डेकवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या बाजूवर, पुरीसारखे फुगे येतात. बंद गाडीत दुपारी ठेवला तर एका दुपारीत होतं, गडद रंगाचा असेल तर आणखी लवकर. फुगा एकदा आला की पुन्हा बसत नाही. टोचून हवा काढायचा सल्ला देणारे भेटतील. टोचलं की तिथून पाणी आत. पाण्यातून आल्यावर बोर्ड सावलीत, खालचा पत्रा वर करून ठेवायचा. डेक वर ठेवला तर मेणही वितळतं.

दुसरा दोष शेपटाचा. लीश बोर्डाला एका बारीक दोरीच्या फासाने जोडलेली असते. तो फास लांब ठेवला तर दोरी बोर्डाच्या मागच्या काठावरून येते, आणि जोराचा हिसका बसला की सुरीसारखी फोममध्ये उतरते. लीशच्या टोकाला रुंद पट्टी असते ती याचसाठी. काठावर पट्टी टेकली पाहिजे, दोरी नाही. फास एवढा आखूड बांधा की दोरीची गाठ काठाच्या आतच संपेल. भाड्याच्या निम्म्या बोर्डांच्या शेपटावर ही चीर सापडते.

तिसरा, खालच्या पत्र्याला आडवी घडी. उथळ पाण्यात नाक वाळूत रुतलं आणि माणूस मागून पडला की मध्यावर पांढरी रेघ उमटते. घडी उथळ असेल तर चालतं, तडकली असेल तर पाणी आत जाणार. दुरुस्ती करताना दोन चुका हमखास होतात. एक, पॉलिएस्टर रेझिन ओतणं. ते या फोमला विरघळवतं, भोक भरण्याऐवजी आत पोकळी होते. इपॉक्सीच वापरायचं, आणि तेही फोमपुरतं, कारण खालच्या प्लास्टिकला बहुतेक गोंद नीट धरतच नाहीत. दुसरी चूक, ओल्यावरच चिकटवणं. आधी तडा खाली येईल असा बोर्ड सावलीत दोन-तीन दिवस टेकवून ठेवायचा, निथळू द्यायचा. पाण्याची वाट बंद करण्याआधी पाणी बाहेर आलं पाहिजे.

फिनचे स्क्रू गंजतात, आणि गंजले म्हणून जोर लावून पिळले की आतली चकती फिरते. महिन्यातून एकदा काढून गोड्या पाण्यात धुतले, थोडं ग्रीस लावलं की प्रश्न येत नाही. परत लावताना बोटाने घट्ट आणि वर पाव फेरा, बस.

अंगाला काय होतं तेही सांगायला हवं. मऊ डेक पोटाला आणि छातीला घासतो. तासाभराने पुरळ, दुसऱ्या दिवशी शर्ट घालवत नाही. लांब बाह्यांचा रॅशगार्ड घातल्याशिवाय पाण्यात जाऊ नका, सुती टी-शर्ट ओला झाला की आणखी घासतो. सनस्क्रीन तळहाताने चोळून तोच तळहात डेकवर ठेवला की उठताना हात सटकतो. ते हाताच्या पाठीने लावा. मेण गरम पाण्याचंच घ्या, डब्यावर ट्रॉपिकल लिहिलेलं. तिथल्या पाण्याचं तापमान २७ ते ३० अंश असतं, थंड पाण्याचं मेण त्यात लोण्यासारखं सुटतं.

भाड्याने घेताना

भाड्याच्या टपरीवर बोर्ड रांगेत उभे असतात आणि मालक पहिलाच पुढे करतो. त्याच्या आधी तीन गोष्टी बघा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा सोबत न्या, फिनला दोरी लावून बोर्ड तोला. ८ फुटी कोरडा बोर्ड ६-७ किलो भरतो. काटा ९ दाखवत असेल तर दोन-अडीच लिटर पाणी आत आहे. असा बोर्ड पाण्यात आळशी होतो, आणि तुमची सकाळ लाटेपेक्षा त्यानेच जास्त वाया जाते. काटा नसेल तर बोर्ड उभा करून शेपटाकडच्या भोकावर अंगठा दाबा, ओल वर येते का बघा. मग दोन्ही कडांवरून हात फिरवा. चादर आणि पत्रा जिथे जुळतात तिथली शिवण सुटलेली असेल तर नखाने कळते. शेवटी लीश ताणा, घोट्याचा पट्टा उघडून बघा. वाळूने भरलेलं वेल्क्रो पहिल्याच पडण्यात सुटतं. पट्टा मागच्या पायाच्या घोट्याला. लीश बोर्डाएवढीच, ८ फूट. आखूड दिली तर बोर्ड उसळून तोंडावर येतो.

विकत घ्यावा का? बोर्डाच्या किमतीला एका दिवसाच्या भाड्याने भागा. जेवढे दिवस येतील तेवढे तुम्ही दोन हंगामांत पाण्यात असणार असाल तर घ्या. पुणे-मुंबईहून वर्षातून दोनदा येणाऱ्यांचं हे गणित सहसा बसत नाही, त्यात टपावर बांधून आणायची कटकट वेगळी. बांधायचाच तर डेक खाली, नाक मागे आणि फिन पुढच्या बाजूला वर, पट्टे फिनच्या मागे. धातूची कडी पत्र्याला टेकू देऊ नका.

उथळ पाणी

वाईट लाटेचा खरा धोका लाटेत नसतो, पाण्याच्या खोलीत असतो. ६० सेंटीमीटर पाण्यात डोकं पुढे करून पडलं तर मानेवर येतं. पडायचं ते पाठीवर किंवा कुशीवर, आडवं, पसरून, पाण्यावर आपटून. हात डोक्यावर, आणि वर येतानाही हात आधी. बोर्डावरून पुढे उडी मारायची नाही. चालताना पाय उचलून टाकण्यापेक्षा वाळूवरून घसटत न्या, वाळूत बसलेला पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला मासा, त्याने आधीच निघून जातो.

मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदी समुद्राला मिळते. ओहोटी लागली की तिथे पाणी बाहेर ओढतं, आणि लाट लहान असली तरी ओढ लहान नसते. त्या बाजूला बोर्ड नेऊ नका. जीवरक्षक साधारण साडेसातच्या सुमारास ठाण्यावर येतात, लाल झेंडा असेल तर त्यांच्याशी हुज्जत घालायची नाही. मोरजीच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वन खात्याने कुंपण घातलेलं दिसलं तर बोर्ड ओढत तिथून आडवं जाऊ नये. खरं तर बोर्ड कुठेच ओढत नेऊ नये. पत्रा खरवडतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तोच मिळतो.